पंधरा वर्षे न विचारलेला प्रश्न : सातारा-सांगलीचे रस्ते आणि मोटारीच्या तपासणीचा इतिहास (थ्रेड)

१/ वाईहून पाचगणीला चढणाऱ्या पसरणी घाटात एकाच वळणावर तीन वाहने मागेपुढे दिसतात : एसटीची बस, भाड्याची टुरिस्ट गाडी आणि एखाद्या कुटुंबाची खाजगी मोटार. पहिल्या दोघींना ठरावीक मुदतीने परिवहन विभागाकडून योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. मोटारीला नोंदणीनंतर तब्बल पंधरा वर्षे तशा तपासणीची सक्ती नाही. उतार मात्र तिघींना सारखाच. हा भेद कोठून आला, याचा हा इतिहास.

२/ प्रथम मोटारीपूर्वीचा काळ. बैलगाडीवानाला वंगणाचे महत्त्व कोणी शिकवावे लागत नसे. कोरडा आस करकरू लागला की बैलांवर ओढ वाढते, लाकूड तापते, झिजते आणि अखेर मोडते. चाकाची लोखंडी धाव सैल झाली की लोहाराकडे जाणे आलेच. घाटात गाडी थांबवायची तर चाकामागे दगड लावला जाई. वाहनाचा धनी, चालक आणि निरीक्षक ही तिन्ही कामे बहुधा एकाच माणसाकडे होती. बिघाड कानाला ऐकू येत होता आणि हाताला जाणवत होता.

३/ मोटार आली तेव्हा या प्रदेशाचा नकाशा आजच्यासारखा नव्हता. सातारा जिल्हा थेट इंग्रजी अमलाखाली होता. सांगली, मिरज, जत, औंध, फलटण ही संस्थाने होती. साताऱ्याहून सांगलीकडे निघालेला प्रवासी एका दिवसात वेगवेगळ्या राजवटींच्या हद्दी ओलांडत असे. १९१४ चा हिंदुस्थानचा मोटार वाहन कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. संस्थानांचा कारभार त्यांच्या त्यांच्या दरबाराकडे होता.

४/ त्या १९१४ च्या कायद्याचा भर मुख्यतः दोन गोष्टींवर होता : गाडीची नोंदणी आणि चालकाचा परवाना. अठरा वर्षांखालील व्यक्तीने सार्वजनिक रस्त्यावर मोटार चालवू नये, हेही त्यात होते. गाडी कोणाची आणि चालवतो कोण, हे सरकारला जाणून घ्यायचे होते. गाडीची प्रकृती कशी आहे, हा प्रश्न अजून मध्यभागी आलेला नव्हता.

५/ वास्तविक तो प्रश्न तेव्हा फार तातडीचा होता. सुरुवातीच्या बहुतेक मोटारींना केवळ मागच्या चाकांवर ब्रेक असत आणि ते सळया किंवा तारांनी ओढले जात. तेलाच्या दाबावर चालणारे चारही चाकांचे ब्रेक अमेरिकेतील ड्यूसेनबर्ग कंपनीने १९२१ मध्ये आपल्या मोटारीत आणले आणि पुढे ते सर्वत्र रूढ झाले. त्याआधीच्या चालकाला घाट उतरण्याचा एक नियम पाठ असावा लागे : ज्या गियरमध्ये चढायचे, त्याच गियरमध्ये उतरायचे. वेग इंजिनाने धरावा, ब्रेकने नव्हे.

६/ या नियमामागे साधे पदार्थविज्ञान आहे. पाचगणी वाईपेक्षा पाचशे मीटरहून अधिक उंचीवर आहे. एक हजार किलो वजनाची मोटार पाचशे मीटर खाली आली की सुमारे ४९ लाख ज्यूल ऊर्जा मोकळी होते. एवढ्या उष्णतेत जवळपास १५ लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत पोहोचते. चालकाने सर्व भार ब्रेकवर टाकला, तर त्यातील बराच वाटा चार चाकांजवळच्या लहानशा पट्ट्यांना आणि तबकड्यांना सोसावा लागतो.

७/ येथेच देखभालीचा प्रश्न जीवनमरणाचा होतो. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषते. ‘डॉट ३’ प्रतीच्या ताज्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा मुरलेल्या तेलासाठी ही मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येते. ‘डॉट ४’ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. तेल उकळले की नळ्यांत वाफ होते. वाफ दाबली जाते, दाब पुढे पोहोचत नाही आणि पेडल तळाला जाते. सपाट रस्त्यावर वर्षानुवर्षे ठीक वाटलेली मोटार घाटाच्या पायथ्याशी अचानक निरुत्तर होते, त्याचे एक कारण हे.

८/ कायद्याकडे परत येऊ. १९३० च्या दशकात बस आणि लॉऱ्यांची संख्या वाढली व रेल्वेचे उत्पन्न धोक्यात आले. १९३२-३३ च्या मिचेल-कर्कनेस अहवालाने रेल्वे आणि रस्ता यांच्या या स्पर्धेचीच चौकशी केली. त्यानंतर आला १९३९ चा मोटार वाहन कायदा. भाड्याची वाहतूक परवान्यांच्या चौकटीत बसवणे, हा त्याचा एक मोठा हेतू होता. त्याच्या कलम ३८ ने भाड्याच्या व मालवाहू वाहनांना योग्यता प्रमाणपत्र बंधनकारक केले.

९/ खाजगी मोटार या कलमातून बाहेर राहिली. त्या काळाच्या दृष्टीने हे अस्वाभाविक नव्हते. मोटार असलेली घरे मोजकी : संस्थानिक, बडे वकील, डॉक्टर, व्यापारी. अनेकांकडे पगारी चालक असे आणि तोच गाडी पुसे, वंगण घाली, चाकांतील हवा पाही. ज्या बसमध्ये अनोळखी माणसे पैसे देऊन बसतात, तिची जबाबदारी सरकारची. स्वतःची गाडी वापरणारा स्वतःची काळजी घेईलच, असे हे गृहीतक. रस्त्यावर समोरून येणाराही अनोळखीच असतो, ही गोष्ट त्यात निसटली.

१०/ याच प्रदेशात यंत्राची देखभाल जाणणारा एक वर्ग घडत होता. बेळगावात १८८८ मध्ये सायकलच्या दुकानापासून सुरुवात करणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानात, कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळावर, किर्लोस्करवाडी वसवली. साताऱ्यात धनजीशा कूपर यांचा इंजिनिअरिंग कारखाना उभा राहिला. हेच कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. नांगर, पंप आणि इंजिने यांच्यामुळे या दोन जिल्ह्यांना आवाजावरून बिघाड ओळखणारा मेस्त्री परिचयाचा झाला.

११/ स्वातंत्र्यानंतर चित्र बदलले. मार्च १९४८ मध्ये दख्खनची बहुतेक संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली. १ ऑगस्ट १९४९ रोजी दक्षिण सातारा जिल्हा निर्माण झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. दरम्यान १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली बस धावली. एसटीने आणलेली खरी नवी संस्था म्हणजे आगार. गाडी मुक्कामाला येते, धुतली जाते, तपासली जाते, चालकाने नोंदवलेली तक्रार कार्यशाळेत जाते. देखभाल ही एका माणसाची सवय न राहता कचेरीची नोंदवही झाली.

१२/ खाजगी मोटारीच्या मागे असे आगार नव्हते, परंतु टंचाई होती. परवाना राज्यात नवी मोटार मिळण्यास वर्षे लागत. फियाट, अर्थात पुढची प्रीमियर पद्मिनी, घरात आली की ती दोन-दोन दशके टिकवायची, हा रिवाज. प्लग साफ करणे, रेडिएटरमध्ये पाणी पाहणे, पट्टा ताणणे ही कामे मालकाला येत. दुचाकीचेही तसेच. साताऱ्यात १९७५ मध्ये महाराष्ट्र स्कूटर्स स्थापन झाली आणि तेथील बजाज प्रिया घरोघरी गेली. कायदा विचारत नसला, तरी गाडी स्वतःच विचारत होती.

१३/ डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली. बिघाड कमी झाले आणि अधिकृत सर्व्हिस सेंटर व सर्व्हिस पुस्तिका यांची पद्धत रुळली. हा मोठा लाभ होता. पण त्याचबरोबर मालकाचे बॉनेट उघडणे थांबले. पुस्तिकेतील मोफत सर्व्हिस संपल्या की अनेकांची देखभाल ‘आवाज आला तर दाखवू’ येथवर घसरली. ओलावा मुरलेले ब्रेकचे तेल मात्र आवाज करीत नाही.

१४/ मग १९८८ चा कायदा आला. १ जुलै १९८९ पासून लागू झालेल्या या कायद्याने जुनी विभागणी तशीच पुढे नेली. कलम ५६ नुसार योग्यता प्रमाणपत्र वाहतुकीच्या वाहनांना. कलम ४१(७) नुसार खाजगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षे वैध आणि तपासणी नूतनीकरणाच्या वेळी. मधल्या काळात लागते ती पीयूसी. ती धूर मोजते. ब्रेक, टायर वा दिवे पाहत नाही. नियमांनी टायरच्या खाचांची किमान खोली मोटारीसाठी १.६ मिलिमीटर ठरवली आहे, पण ती नियमितपणे मोजणारा कोणी नाही.

१५/ इतर देशांनी काय केले? ब्रिटनने १९६० मध्ये दहा वर्षांहून जुन्या मोटारींची तपासणी सुरू केली. त्यात बाद ठरणाऱ्या गाड्यांचे प्रमाण पाहून वर्षभरातच ही मर्यादा सात वर्षांवर आणि १९६७ मध्ये तीन वर्षांवर आणली. तेव्हापासून तेथील खाजगी मोटार दरवर्षी तपासली जाते. जपानात नवी मोटार तीन वर्षांनी आणि पुढे दर दोन वर्षांनी तपासणीला जाते. म्हणजे खाजगी मोटार तपासणीबाहेर ठेवणे हा अपरिहार्य नियम नव्हे. तो एक ऐतिहासिक निर्णय आहे.

१६/ दरम्यान रस्ता बदलला. सुवर्ण चतुष्कोण प्रकल्पात पुणे-बेंगळुरू महामार्ग चौपदरी झाला. पूर्वी ताशी ६० किलोमीटरने जाणारी मोटार १०० ने धावू लागली. वेग पावणेदोन पटींहूनही कमी वाढला, पण थांबवायची ऊर्जा जवळजवळ पावणेतीन पट झाली, कारण ती वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. झिजलेला टायर आणि कमी हवा ६० च्या वेगाला क्षमा करीत; १०० ला करीत नाहीत. महाबळेश्वरच्या पावसात गुळगुळीत टायरखालचे पाणी निघून जायला वाटच उरत नाही.

१७/ सांगलीच्या सपाटीवर संकट वेगळे. गाळपाच्या हंगामात रात्री उसाने भरलेल्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात. अनेकींना मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर उसाच्या शेंड्यांनी झाकलेला असतो. अशा वेळी पिवळट पडलेली हेडलाइटची काच आणि ओरखडे पडलेली पुढची काच ही केवळ शोभेची बाब राहत नाही. समोरचा अंधार किती मीटर आधी उलगडणार, हे त्यांच्यावर ठरते.

१८/ आणि कृष्णेचा पूर. १९२९ मध्ये बांधलेल्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट मानली जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या पुढे गेले. २००५ आणि २०२१ चे महापूरही सांगलीकरांच्या स्मरणात आहेत. पाण्यात बुडालेली मोटार चावी फिरवून पाहण्याचा मोह मोठा असतो. सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी हवेसारखे दाबले जात नाही. त्यामुळे दट्ट्याचा दांडा वाकतो आणि दुरुस्त होऊ शकणारे इंजिन निकामी होते. अशी गाडी सुरू न करता बॅटरी सोडवून ओढून नेणे, हाच मार्ग.

१९/ ऑगस्ट २०२१ मध्ये वाहन भंगार धोरण जाहीर झाले आणि यंत्राद्वारे तपासणी करणाऱ्या केंद्रांना चालना मिळाली. तरीही खाजगी मोटारीची पहिली सक्तीची तपासणी पंधराव्या वर्षीच राहिली. १९३९ मध्ये मोजक्या मोटारींसाठी केलेले गृहीतक आज साताऱ्याच्या एमएच-११, सांगलीच्या एमएच-१० आणि कराडच्या एमएच-५० या पाट्या लावलेल्या असंख्य मोटारींना लागू आहे.

२०/ कायदा बदलेपर्यंत निरीक्षक एकच उरतो : मालक. त्यासाठी मुहूर्तही आपल्या परंपरेतच आहे. मराठा काळात दसरा म्हणजे सीमोल्लंघन, मोहिमेचा आरंभ. त्याआधी खंडेनवमीला शस्त्रांची पूजा होई, आणि पूजेआधी त्यांचा गंज काढला जाई, धार पाहिली जाई. आज त्याच दिवशी मोटारीला झेंडूची माळ चढते. माळ घालण्यापूर्वीचा अर्धा भाग तेवढा विसरला गेला.

२१/ तो असा असू शकतो : टायरच्या खाचा आणि हवा, स्टेपनीसह, ब्रेकच्या तेलाची पातळी आणि ते शेवटचे कधी बदलले त्याची तारीख, कारण बहुतेक कंपन्या साधारण दोन वर्षांनी ते बदलण्यास सांगतात, कूलंट, इंजिन थंड असताना, सर्व दिवे, ब्रेकचे लाल दिवे दुसऱ्या माणसाला मागे उभे करून, वायपरचे रबर, मागच्या सीटचे पट्टे मोकळे निघतात का ते. या सर्वांना अर्धा तास लागतो. पसरणीचा उतार त्याहून लवकर संपतो.

(थ्रेड समाप्त)