कुंपण: काट्यापासून करंटपर्यंत

आजच्या भागात ना राजा आहे, ना लढाई. आज बोलायचंय कुंपणावर. अंगणात कुत्र्याचं पिल्लू आहे, दोन शेळ्या आहेत, चार कोंबड्या आहेत, आणि त्यांच्यासाठी तुम्ही कुंपण घालायला निघालात, तर दुकानदार आधी तारेचा भाव सांगेल. त्याआधी कुंपणाचा इतिहास ऐका. पैसे वाचतील, कदाचित एखादा जीवही वाचेल.

आपल्या हिंगोलीकडचा जुना शब्द म्हणजे कुपाटी. बोरी-बाभळीच्या काट्या तोडायच्या, एकीत एक अडकवून रचायच्या, आणि जायला-यायला काट्यांचंच कवाड करायचं. खर्च काय, तर अंगमेहनत. शेताची कुपाटी दुसऱ्याचं जनावर पिकात शिरू नये म्हणून. आखाड्यावरची कुपाटी मात्र आपली वासरं-करडं बाहेर जाऊ नयेत आणि रात्री लांडगा आत येऊ नये म्हणून. तिचा एक दोष होता. काटा वाळतो, कुजतो, त्याला वाळवी लागते. म्हणून दरवर्षी नव्याने रचायची.

मग लोकांनी जिवंत कुंपण लावलं: निवडुंग. फड्या निवडुंग मूळचा अमेरिका खंडातला. दख्खनच्या कोरड्या मातीत तो असा माजला की कुंपण सोडून रानात पसरला, आणि त्याच्या जाळीत साप-विंचू राहायला आले. शेवटी 1926 साली श्रीलंकेतून कोचिनील नावाचा किडा भारतात आणला गेला. हा किडा निवडुंगाच्याच रसावर जगतो. त्याने बरीच रानं मोकळी केली.

आता सांगा, कुंपण मोडून जनावर आत घुसलं तर चूक कुणाची? ब्रिटिश मुलखात 1871 साली गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा आला. ज्याच्या पिकाचं नुकसान झालं, त्याने गुरं धरायची आणि कोंडवाड्यात नेऊन घालायची. मालकाने दंड आणि चाऱ्याचा खर्च भरायचा, तेव्हाच ती सुटायची. मालक आलाच नाही तर लिलाव. हिंगोली तेव्हा निजामाच्या राज्यात होती, पण कोंडवाडा हा शब्द आपल्याकडेही घराघरात माहीत आहे. यातली एक गोष्ट लक्षात ठेवा: आपलं जनावर सांभाळणं ही आपली जबाबदारी. हे आजच्या कुत्रा पाळणाऱ्यालाही लागू आहे.

त्याच काळात, 1874 साली, अमेरिकेत जोसेफ ग्लिडन नावाच्या शेतकऱ्याने काटेरी तारेचं पेटंट घेतलं. स्वस्त, टिकाऊ, कुठेही ताणता येणारी तार. पण बाभळीचा काटा जनावराला लांबून दिसतो, तशी बारीक तार दिसत नाही. ती कळते अंगात घुसल्यावर. 1885-86 च्या हिवाळ्यात तिकडे हिमवादळ आलं. गुरं दक्षिणेकडे सरकत गेली, टेक्सासमध्ये तारेला अडली आणि तिथेच हजारोंनी गारठून मेली.

पुढचा टप्पा विजेचा. 1930 च्या दशकात न्यूझीलंडच्या बिल गॅलाघर यांनी विजेच्या कुंपणाला चालना दिली. आज आपल्याकडे ‘झटका मशीन’ म्हणतात ते त्याच घराण्यातलं. ते साधारण सेकंदाला एकदा, क्षणभराचा झटका देतं. जनावर दचकतं आणि मागे फिरतं. पण काही जण रोही-रानडुकरांच्या त्रासाने थेट लाईटचा करंट तारेत सोडतात. हा गुन्हा आहे, आणि तो करंट डुक्कर, कुत्रं की शेजारचा माणूस, काहीच बघत नाही. दरवर्षी अशा बातम्या आपण वाचतोच. पिकाचं नुकसान खरं आहे, राग खरा आहे, पण गेलेला जीव परत येत नाही.

याच त्रासावर शेतकऱ्याने शोधलेला आणखी एक उपाय बघा: शेताभोवती बांधलेल्या जुन्या रंगीत साड्या. त्या वाऱ्याने हलतात, लांबून दिसतात, आणि कुणाला जखम करत नाहीत. डुकरं सरावली की असर कमी होतो, हेही खरं. पण कुपाटीमागचं शहाणपण यात आहे: जनावराला आधी दिसलं पाहिजे, मग ते अडलं पाहिजे.

तर मग अंगणासाठी काय? काटेरी तार नको, साधी जाळी घ्या. कुत्रं खालून उकरतं, म्हणून जाळीचं बूड वीतभर मातीत गाडा. शेळी मोठ्या भोकात डोकं घालते आणि शिंगं अडकतात, म्हणून भोकं लहान ठेवा. पिल्लू फाटकाखालून निसटतं, तिथली फट आधी बुजवा. काठाला मेंदी लावली तर कुंपण दिसेलही आणि हिरवंही राहील. मात्र कण्हेर टाळा, ती शेळीला विषारी असते.

‘कुंपणच शेत खातं’ ही म्हण आपण पुढाऱ्यांसाठी वापरतो. अंगणात मात्र ती शब्दशः खरी होऊ देऊ नका: राखायला घातलेलं कुंपणच जीव खायला नको.

तुमच्या गावात कुपाटीला दुसरा काही शब्द असेल तर नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!