मेच्निकॉफचें दहीं आणि पोटांतील सृष्टि

एखादी कल्पना लोकांना फार लौकर आवडूं लागली म्हणजे तिची परीक्षा फार उशिरां होते, असा शास्त्रांच्या इतिहासाचा अनुभव आहे. आपल्या आंतड्यांत राहणाऱ्या सूक्ष्म जंतूंचा आपल्या आरोग्याशीं संबंध काय, या प्रश्नाची कथा त्या दृष्टीनें बोधप्रद आहे. सांप्रत या जंतूंचें नांव घरोघर निघत असल्यामुळें ती येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या कथेचा नायक ईल्या मेच्निकॉफ हा रशियन प्राणिशास्त्रज्ञ. शरीरांत शिरलेल्या जंतूंना रक्तांतील पांढऱ्या पेशी गिळून टाकतात, हा त्याचा मोठा शोध. त्यासाठीं १९०८ सालीं पाउल एर्लिख याजबरोबर त्याला नोबेल पारितोषिक मिळालें. १८८८ पासून तो पॅरिस येथील पाश्चर इन्स्टिट्यूटमध्यें काम करीत असे. आपला त्याच्याशीं एक दूरचा ऋणानुबंधहि आहे. प्लेगच्या सांथींत १८९६ सालीं मुंबईस येऊन ज्यानें प्लेगची लस तयार केली, तो हाफकिन ओडेसा येथें मेच्निकॉफचाच विद्यार्थी होता. परळ येथील संस्था आज त्याच्या नांवानें ओळखली जाते.

उतारवयांत मेच्निकॉफला वार्धक्याच्या कारणांचा ध्यास लागला. मोठ्या आंतड्यांतील जंतु अन्नाचे अवशेष कुजवितात, त्यांतून विषें उत्पन्न होऊन रक्तांत मिसळतात, आणि हीं विषेंच आपल्याला अकालीं जराग्रस्त करतात, असा त्याचा सिद्धान्त होता. दुधाचें दहीं करणारे जंतु आम्ल उत्पन्न करतात व आम्लांत कुजण्याची क्रिया मंदावते. तेव्हां असे जंतु पोटांत वसविले तर वार्धक्य लांबेल, असें त्यानें अनुमान केलें. बल्गेरियांतील शेतकरी पुष्कळ दहीं खातात व दीर्घायुषी असतात, ही वार्ता त्याला अनुकूल पुरावा वाटली. १९०४ सालीं पॅरिसमध्यें त्यानें वार्धक्यावर व्याख्यान दिलें, आणि वृत्तपत्रांच्या कृपेनें आंबट दुधाचें वेड पसरलें. वस्तुतः शंभरी गांठलेल्यांची गणती जन्माच्या नोंदींइतकीच विश्वसनीय असते. शिवाय शेतकऱ्याचे श्रम, त्याचा साधा आहार व मोकळी हवा यांचा हिशेब कोणी घ्यावयाचा? एका कारणाची निवड करून बाकीचीं विसरण्याची ही चूक आजहि जुनी झालेली नाहीं.

चुकीचें फळ केवळ दह्यापुरतें राहिलें असतें तर फारसें बिघडलें नसतें. परंतु आंतड्यांतील विषांची ही भीति त्या काळीं वैद्यकांत सर्वत्र पसरली होती. लंडनमधील प्रसिद्ध शस्त्रवैद्य सर आर्बथनॉट लेन यानें बद्धकोष्ठाच्या रोग्यांचें मोठें आंतडें कापून काढण्यास प्रारंभ केला. एका अप्रमाणित तर्कासाठीं माणसांनीं आपलीं शरीरें सुरीखालीं दिलीं! पुढें १९१९ सालीं अमेरिकेंतील वॉल्टर आल्व्हारेझ यानें एक साधी शंका काढली. शौचास होतांच रोग्याला तत्काळ बरें वाटतें; विष जर रक्तांत भिनलें असेल तर तें क्षणांत कसें नाहींसें होईल? नंतर १९२१ सालीं येल विद्यापीठांतील रेटगर व चेपलिन यांनीं दाखविलें कीं, दह्यांतील तो बल्गेरियन जंतु माणसाच्या आंतड्यांत वस्ती करून राहतच नाहीं. मेच्निकॉफ स्वतः १९१६ सालीं, वयाच्या ७१ व्या वर्षीं, हृद्रोगानें निवर्तला होता.

मग हा सर्व भ्रमच होता काय? तसें नव्हे. सिद्धान्त पडला, पण प्रश्न उरला. १८९५ सालींच बर्लिनमध्यें नटाल व थीरफेल्डर यांनीं एक गिनीपिग निर्जंतुक स्थितींत कांहीं दिवस वाढवून दाखविला होता. याच पद्धतीचा विकास होऊन २००४ सालीं अमेरिकेंत सेंट लुई येथें जेफ्री गॉर्डन व त्याचे सहकारी यांनीं निर्जंतुक उंदरांना सामान्य उंदरांचे आंतड्यांतील जंतु दिले. ते उंदीर पूर्वींपेक्षां कमी खाऊं लागले, तरी दोन आठवड्यांत त्यांची चरबी सुमारें ६० टक्क्यांनीं वाढली! २०१३ सालीं त्यांनीं ज्या जुळ्या बहिणींपैकीं एक स्थूल व एक सडपातळ होती, अशांचे जंतु निरनिराळ्या निर्जंतुक उंदरांत घातले. स्थूल बहिणीचे जंतु मिळालेल्या उंदरांच्या अंगीं अधिक चरबी सांठली. पुढें दोन्ही प्रकारचे उंदीर एकत्र ठेवले असतां सडपातळ बहिणीच्या जंतूंनीं दुसऱ्यांना स्थूलतेपासून वांचविलें. मात्र त्यांचा आहार कमी स्निग्ध व अधिक तंतुमय असेल तरच. जंतु व आहार यांची ही जोडी सोडवितां येत नाहीं. जे धान्यांचे व भाज्यांचे तंतु आपल्याला पचत नाहींत, ते हे जंतु आंबवितात, आणि त्यांतून निघणारें ब्युटिरिक आम्ल मोठ्या आंतड्याच्या अस्तराचें अन्न होतें.

उंदरांत जें घडतें तें माणसांत घडेलच असें मात्र नाहीं. २०१२ सालीं ॲम्स्टरडॅम येथें सडपातळ माणसांच्या विष्ठेंतील जंतु स्थूल पुरुषांना दिले असतां सहा आठवड्यांनीं त्यांच्या शरीरांत इन्शुलिनचें कार्य सुधारलें. परंतु नंतरच्या प्रयोगांत अठरा आठवड्यांनीं हा लाभ उरला नाहीं. उलट, एका विशिष्ट जंतूमुळें वारंवार होणाऱ्या हट्टी अतिसारावर याच उपायानें २०१३ सालीं १६ पैकीं १३ रोगी पहिल्याच खेपेस बरे झाले. एकाच उपायाचीं हीं दोन फळें वेगळालीं सांगावयास हवींत.

आकड्यांच्या बाबतींतहि हीच कथा. आपल्या शरीरांत स्वतःच्या पेशींच्या दसपट जंतु असतात, हें वाक्य अनेक वर्षें ग्रंथांतून निःशंकपणें फिरत होतें. २०१६ सालीं कोणी पुन्हां मोजदाद केली तेव्हां जंतु सुमारें ३८ लाख कोटि व पेशी सुमारें ३० लाख कोटि, म्हणजे जवळ जवळ सारखेच, असा अंदाज निघाला.

आपल्याकडे ताकाची थोरवी पिढ्यान्पिढ्या गाइली गेली आहे, आणि तें सुखानें प्यावें. परंतु पूर्वजांना हें सारें ठाऊक होतें म्हणून फुगणें, किंवा बाजारांतील बाटलीवर 'जंतुयुक्त' असें लिहिलेलें पाहून मधुमेहाचें औषध टाकणें, हीं दोन्ही मेच्निकॉफच्याच घाईचीं रूपें होत. त्याची दृष्टि दूरची होती. चूक झाली ती वाट चालण्यापूर्वींच मुक्काम गांठल्याची घोषणा करण्यांत. ज्यांनीं आपलें आंतडें त्या घोषणेपायीं गमावलें, त्यांच्या स्मरणानें तरी आपण पुराव्याची वाट पाहण्यास शिकावें.