वर्णद्वेष आणि समुपदेशन : हार्लेममधील दोन केंद्रे

अमेरिकेतील मानसोपचाराच्या इतिहासात वर्णद्वेषाचा प्रश्न उपचारांच्या अनुपलब्धतेपुरता मर्यादित नव्हता. रोग कशाला म्हणावे, हे ठरविण्याच्या अधिकाराशी तो निगडित होता. १८५१ मध्ये लुईझियानातील डॉ. सॅम्युअल कार्टराइट यांनी गुलामांच्या पलायनास ‘ड्रॅपेटोमेनिया’ नावाचा मनोविकार ठरविले आणि त्यावर चाबकाच्या फटक्यांचा उपाय सुचविला. स्वातंत्र्याची स्वाभाविक ओढ अशा रीतीने व्याधी ठरली.

१८६५ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपुष्टात आली. तथापि ही दृष्टी लोपली नाही. १९४० च्या दशकातही न्यूयॉर्कमधील हार्लेमच्या कृष्णवर्णीय रहिवाशांना मानसोपचाराची सोय क्वचितच उपलब्ध होती. या पार्श्वभूमीवर १९४६ हे वर्ष महत्त्वाचे ठरते. त्या वर्षी मार्चमध्ये सेंट फिलिप्स चर्चच्या तळघरात लाफार्ग क्लिनिक सुरू झाले. मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम व कादंबरीकार रिचर्ड राइट यांचा त्यात पुढाकार होता. शुल्क अवघे २५ सेंट होते आणि तेही न परवडणाऱ्यांना विनामूल्य उपचार मिळत. त्याच वर्षी केनेथ व मॅमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने नॉर्थसाइड केंद्र स्थापन केले. शाळांनी मतिमंद ठरविलेल्या अनेक मुलांची तेथे फेरतपासणी झाली, तेव्हा त्यांची बुद्धिमत्ता सर्वसामान्य असल्याचे आढळले. दोष मुलांत नव्हता, मोजणाऱ्यांच्या दृष्टीत होता.

रुग्णाने परिस्थितीशी जुळवून घ्यावे, एवढाच हेतू या केंद्रांनी ठेवला नाही. ज्या परिस्थितीतून दुःख उद्भवते, तिचीही चिकित्सा त्यांनी आवश्यक मानली. म्हणूनच शालेय वर्णविभाजनाविरुद्धच्या खटल्यांत वर्थम आणि केनेथ क्लार्क यांनी साक्षी दिल्या. १७ मे १९५४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असे विभाजन घटनाबाह्य ठरविले. मुलांच्या मनावरील आघात हा त्या निर्णयाचा एक आधार होता.

लाफार्ग क्लिनिक १९५० च्या दशकाच्या अखेरीस बंद पडले. नॉर्थसाइड टिकून राहिले. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने मात्र वर्णद्वेषाला खतपाणी घातल्याबद्दल ऑक्टोबर २०२१ मध्ये माफी मागितली. हार्लेममधील त्या तळघराला तोवर ७५ वर्षे लोटली होती. अपमानित व्यक्तीचा संताप किंवा अविश्वास हे प्रत्येक वेळी विकाराचे लक्षण नसते. कित्येकदा ती अनुभवाची साक्ष असते. ती ऐकून घेण्यापासूनच समुपदेशनाचा आरंभ होतो, असे या इतिहासावरून म्हणता येते.