विमानावरचे चक्र

लाखनीसारख्या गावातला एखादा मुलगा थर्मोकोल कापून रेडिओवर चालणारे लढाऊ विमान बनवतो. ते उडाले, की ते खऱ्यासारखे दिसावे असे त्याला वाटू लागते. मग गोंदाच्या बारीक थेंबांचे रिवेट उमटतात, पेन्सिलीने पत्र्यांचे सांधे आखले जातात आणि शेवटी पंखांवर तिरंगी वर्तुळ रंगवले जाते. इतिहास आडवा येतो तो इथेच.

हे वर्तुळ पूर्वीपासून तिरंगी नव्हते. आपले वायुदल ८ ऑक्टोबर १९३२ रोजी स्थापन झाले, तेव्हा चिन्ह ब्रिटिशांचेच होते: बाहेर निळे, मग पांढरे, मध्ये लाल. जपानी विमानांवरच्या लाल गोळ्याशी गफलत होऊ नये, म्हणून १९४२ मध्ये आपल्याकडच्या आघाडीवर हा लाल ठिपका पुसला गेला. स्वातंत्र्यानंतर अशोकचक्र आले आणि १९५० मध्ये प्रजासत्ताकाबरोबर तिरंगा. बाहेर केशरी, मध्ये हिरवा.

१९४७-४८ च्या काश्मीर युद्धात टेम्पेस्ट आणि स्पिटफायर विमाने लढली. त्याच युद्धातील कामगिरीबद्दल हृषीकेश मुळगावकर यांना महावीरचक्र मिळाले. पुढे १९७६ मध्ये ते वायुदलप्रमुख झाले. त्या विमानांच्या प्रतिकृतीवर तिरंगा काढला, तर त्या वैमानिकांच्या काळाची खूणच आपण पुसून टाकतो.

प्रत्येक तपशिलाला वजनही असते. शेपटीकडे रंगाचे थर चढले, की तोल मागे सरकतो आणि नाकात शिसे भरावे लागते. म्हणून तपशील मोजकेच असावेत, पण चिन्ह त्या सालचेच असावे. आधी जुने छायाचित्र पाहावे, साल ठरवावे आणि मगच ब्रश हाती घ्यावा.