आरोग्य सेतू : खुला कोड आणि गोपनीयता

कोविड-१९च्या साथीत बाधितांचे निकटसंपर्क शोधण्यासाठी केंद्र सरकारने २ एप्रिल २०२० रोजी आणलेले मोबाइल ॲप. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने (एनआयसी) खासगी क्षेत्रातील स्वयंसेवकांच्या साहाय्याने तयार केले. ब्लूटूथवरून जवळच्या फोनची आणि जीपीएसवरून ठिकाणाची नोंद होई.

सक्ती : गृह मंत्रालयाने १ मे २०२० रोजी ते नोकरदारांना बंधनकारक केले, १७ मेच्या आदेशात ही अट सैल झाली. मुंबईचे निवृत्त न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांनी सक्तीला कायद्याचा आधार नसल्याचे स्पष्ट सांगितले. विदा संरक्षण विधेयकाचा २०१८चा मसुदा त्यांच्याच समितीचा, त्यामुळे या मताला विशेष वजन आहे.

कोड : सुरुवातीच्या अटींनुसार ॲप उलगडून तपासण्यास मनाई होती. २६ मे २०२० रोजी अँड्रॉइड आवृत्तीचा कोड गिटहबवर अपाची २.० परवान्याखाली खुला झाला आणि त्रुटी शोधणाऱ्यांसाठी बक्षिसे जाहीर झाली. हे पाऊल महत्त्वाचे होते, पण अपुरे. नोंदी जिथे जमा होत, त्या सर्व्हरचा कोड त्या दिवशी खुला नव्हता. शिवाय प्ले स्टोअरवरची प्रत याच कोडपासून बनली आहे, याची खात्री करायची तर बाहेरच्या माणसाला तीच प्रत स्वतः हुबेहूब बांधून पाहता आली पाहिजे. जर्मनीने जून २०२० मध्ये ॲप आणले, ते सर्व्हरसह खुल्या कोडचे. सिंगापूरनेही आपल्या ट्रेसटुगेदर ॲपमागचा कोड खुला केला होता. तरी त्यातील माहिती गुन्हे तपासासाठी पोलिसांना मिळू शकते, हे जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या सरकारने मान्य केले. कोड वाचून हा धोका कळला नसता, कारण तो फौजदारी कायद्यात होता.

सुरक्षा : मे २०२० मध्ये एका फ्रेंच संशोधकाने त्रुटी दाखवल्या, सरकारने माहिती फुटल्याचा इन्कार केला.

निर्मात्यांविषयी : माहिती अधिकारातील अर्जाला टोलवाटोलवीची उत्तरे मिळाल्याने केंद्रीय माहिती आयोगाने ऑक्टोबर २०२० मध्ये एनआयसीला कारणे दाखवा नोटीस दिली.

समाप्ती : संपर्कशोध बंद करून त्यातील माहिती नष्ट केल्याचे सरकारने फेब्रुवारी २०२३ मध्ये लोकसभेत सांगितले. गिटहबवरच्या कोडवरून हे पडताळता येत नाही. त्यासाठी सर्व्हरची स्वतंत्र तपासणीच लागते.