पीएल चारशे ऐंशी

मागच्या उन्हाळ्यात मामाने धुळ्याजवळच्या गावातलं जुनं घर पाडायला काढलं. सामान उतरवायला आम्ही भाचे मंडळी जळगावहून गेलो. अशा कामात सामान कमी उतरतं आणि गप्पा जास्त होतात. पितळी भांडी, तुटका पाळणा, मोडकं जातं असं एकेक करत शेवटी एक चौकोनी पत्र्याचा डबा निघाला. गंजलेला, पण एका बाजूचं चित्र अजून दिसत होतं. एक ढाल, तिच्यावर पट्टे आणि मधे एकमेकांत गुंफलेले दोन हात. खाली इंग्रजीत लिहिलेलं की ही अमेरिकेच्या जनतेकडून भेट आहे, विकू नये, बदल्यात देऊ नये.

"अरे, हा केअरचा डबा," मामा म्हणाला. "बालवाडीत तेल यायचं याच्यात. रिकामा झाल्यावर बाईंनी आजीला दिला. आजी त्यात उडदाची डाळ ठेवायची."

"केअर म्हणजे काय?"

"केअर म्हणजे केअर!"

विषय संपला. पण मामाला बोलतं केलं तेव्हा लक्षात आलं की त्याचं सगळं लहानपण अशा इंग्रजी अक्षरांनी भरलेलं होतं. भिंतीवर डीडीटी, बालवाडीत केअर आणि सीएसएम, रेशनच्या दुकानात पीएल. यातल्या एकाचाही अर्थ त्याला कधी कुणी सांगितला नव्हता आणि त्याने कुणाला विचारलाही नव्हता. जळगावला परत आल्यावर मी ती अक्षरं एकेक करून उलगडायला बसलो.

केअरचं मूळ नाव वाचून हसूच आलं. 'कोऑपरेटिव्ह फॉर अमेरिकन रेमिटन्सेस टू युरोप'. म्हणजे अमेरिकेतल्या लोकांनी युरोपातल्या आप्तांना मदत पाठवण्यासाठी काढलेली सहकारी संस्था. १९४५ साली, दुसरं महायुद्ध संपल्यावर, बावीस संस्थांनी मिळून ती काढली. दहा डॉलर भरले की युरोपातल्या उपाशी कुटुंबाला एक खोकं पोचायचं. सुरुवातीची खोकी तर लष्कराकडे उरलेल्या शिध्याचीच होती. पुढे युरोप सावरला, संस्था जगभर पसरली आणि अक्षरं तीच ठेवून त्यांचा अर्थ तेवढा बदलण्यात आला. त्या नावातला युरोप गळाला आणि आमच्या पांझरेकाठी तेलाचा डबा आला. सीएसएम म्हणजे मका, सोयाबीन आणि दूध पावडर यांचं पीठ. मामाच्या भाषेत 'पिवळा सांजा'.

डीडीटीची अक्षरं घराच्या भिंतीवर होती. हिवतापाच्या मोहिमेतली माणसं पाठीवर पंप लावून यायची, घर फवारायची आणि दाराशेजारी साचा धरून तारीख छापून जायची. १९५२ च्या जानेवारीत भारत आणि अमेरिका यांच्यात तांत्रिक सहकार्याचा करार झाला आणि त्यासाठी दिल्लीत टीसीएम, म्हणजे टेक्निकल कोऑपरेशन मिशन, हे अमेरिकन कार्यालय काम करू लागलं. १९५३ पासूनच्या हिवताप मोहिमेला डीडीटीची मदत त्यातून आली. स्वातंत्र्याच्या वेळी देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप व्हायचा आणि आठ लाख माणसं मरायची, असा अंदाज होता. १९६१ साली नोंदलेले रुग्ण पन्नास हजारांच्या आत आले. (पुढे ढिलाई झाली, डासही डीडीटीला सरावले आणि १९७६ साली आकडा पुन्हा चौसष्ट लाखांवर गेला, हेही सांगायला हवं.) १९६१ सालीच केनेडींनी वेगवेगळी मदत कार्यालयं एकत्र करून यूएसएड स्थापन केली. डब्यावरचे ते दोन हात त्याच मदतीची खूण. आमच्या गावात या फेरबदलाची खबर अर्थातच कुणाला नव्हती.

आता राहिला पीएल.

हा शब्द मी लहानपणी आजीच्या तोंडून ऐकलेला. तिच्या बोलण्यात तो शिवीसारखा यायचा. एखादं धान्य हलकं निघालं, की "हाई काय पीएलनी जवारी से का?" असं ती दुकानदाराला सुनवायची. पीएलची ज्वारी म्हणजे मिलो. लालसर, टणक दाण्याची अमेरिकन ज्वारी. खानदेशातल्या ज्या घरांनी दादर ज्वारीची पांढरीशुभ्र भाकरी खाल्लेली, कळण्याची भाकरी आणि ठेचा खाल्लेला, त्यांच्या ताटात ही लाल भाकर पडली. थापताना तडकायची, गार झाली की वातड व्हायची. त्यात कुणीतरी आजीला सांगितलं की अमेरिकेत हे धान्य गुरांना घालतात. ते खोटंही नव्हतं. आजीने मात्र ते मनाला लावून घेतलं. "प्वाट भरे रे भो, पन जीव नही भरे," असं ती म्हणायची आणि मग आवाज खाली आणून, कुणी ऐकत नाही ना असं बघत, "फुकटनं खादं" असं पुटपुटायची. ती शरम तिने शेवटपर्यंत बाळगली. घरात शेती, दारात बैल आणि तरी दुसऱ्या देशाचं दान खाल्लं, याची शरम.

पीएल म्हणजे पब्लिक लॉ. अमेरिकेच्या त्र्याऐंशीव्या काँग्रेसने केलेला चारशे ऐंशीवा कायदा. १० जुलै १९५४ रोजी आयसेनहॉवर यांनी त्यावर सही केली. अमेरिकेत शेतमाल इतका पिकत होता की सरकारी कोठारं ओसंडून चालली होती. तो माल बाहेर खपवायचा, नवी गिऱ्हाइकं तयार करायची आणि मित्र देशांना मदतही करायची, असा तिहेरी हिशेब त्यात होता. भारताशी पहिला करार ऑगस्ट १९५६ मध्ये झाला. १९६५ आणि १९६६ ही लागोपाठ दोन वर्षं पावसाने दगा दिली, तेव्हा १९६६ या एका वर्षात भारताने एक कोटी टनांहून अधिक धान्य आयात केलं. त्यातला मोठा वाटा याच कायद्याखालचा. लालबहादूर शास्त्रींनी सोमवारी एक वेळ उपवास करायला सांगितलं ते १९६५ मध्ये. आणि व्हिएतनामच्या युद्धावर भारत टीका करतो म्हणून चिडलेले अध्यक्ष जॉन्सन पुढचं जहाज सोडायचं की नाही हे स्वतः ठरवत होते तेही याच काळात. जहाजातून उतरलं की थेट तोंडात, अशी देशाची गत होती.

इथे दोन गैरसमज सांगून टाकतो, कारण मीही ते बाळगून होतो. एक म्हणजे 'बहात्तरच्या दुष्काळातला पीएलचा मिलो'. आमच्याकडे सगळे असंच म्हणतात. पण या कायद्याखाली येणारं सवलतीचं धान्य १९७१ च्या अखेरीस थांबलं होतं. बांगलादेश युद्धाच्या वेळी अमेरिकेशी संबंध तुटेपर्यंत ताणलेले होते. १९७२-७३ मध्ये, मे १९७३ ला महाराष्ट्रात जवळपास एकोणपन्नास लाख माणसं दुष्काळी कामांवर खडी फोडत आणि तलाव खोदत होती, तेव्हा सरकारने परदेशी बाजारात रोख पैसे मोजून धान्य आणलं. आजीच्या आठवणीत सहासष्ट आणि बहात्तर हे दोन्ही दुष्काळ एकाच भाकरीत मिसळून गेले होते.

दुसरा गैरसमज गाजर गवताचा. बांधावरचं हे पांढऱ्या फुलांचं गवत पीएलच्या गव्हाबरोबर आलं, असं शाळेत गुरुजींनीही सांगितलं होतं. तारखा मात्र जुळत नाहीत. पुण्यात ते १९५५ च्या सुमाराला नोंदलं गेलं, करार त्यानंतरचा. १९५१ साली अमेरिकेने वेगळा कायदा करून धान्यासाठी एकोणीस कोटी डॉलरचं कर्ज दिलं होतं, त्या गव्हाबरोबर बी आलं असेल तर कोण जाणे. पण या वनस्पतीची भारतातली नोंद एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचीही सापडते. म्हणजे पीएलच्या माथी थोडं जास्तच मारलं गेलं.

आणि आता आजीची शरम. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ नुसता बसून राहिलो. केअरचं तेल आणि पीठ देणगी होती, ते खरं. पण रेशनच्या दुकानात आलेलं पीएलचं बहुतेक धान्य दान नव्हतंच. ती विक्री होती. डॉलरऐवजी रुपयांत, एवढाच फरक. आजीने आणि तिच्यासारख्या लाखो बायांनी दुकानात पैसे मोजले आणि सरकारने धान्याची किंमत म्हणून रुपये अमेरिकेच्या नावाने जमा केले. डॉलर आपल्याकडे नव्हते, त्यामुळे ही सवलत मोठीच होती, नाकारण्यात अर्थ नाही. ते धान्य आलं नसतं तर किती माणसं गेली असती, सांगता येत नाही. स्वस्त परदेशी धान्यामुळे इथल्या शेतकऱ्याचा भाव पडला, ही तक्रारही अर्थशास्त्रज्ञांनी त्या वेळीच केलेली. पण फुकट? फुकट नव्हतं. आजी जिवंत असती तर तिला सांगितलं असतं. तिने मानलं असतं की नाही, हा भाग वेगळा.

हे रुपये साचत साचत इतके झाले की अमेरिकेलाही प्रश्न पडला, त्यांचं करायचं काय? ते भारताबाहेर नेता येत नव्हते. काही दूतावासाच्या खर्चाला गेले, काही कर्ज आणि अनुदान म्हणून इथल्याच प्रकल्पांना. शेवटी १९७४ च्या फेब्रुवारीत अमेरिकन राजदूत मॉयनिहन यांनी १६६४ कोटी रुपयांचा एकच धनादेश भारत सरकारला दिला. त्याची नोंद गिनीज बुकात झाली.

पण त्याआधी त्यातल्या थोड्या रुपयांतून एक निराळीच खरेदी झाली होती, आणि माझं निम्मं कुतूहल तिच्यापाशीच अडकलं आहे. १९५८ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि हे रुपये पुस्तकांसाठी वापरायची मुभा मिळाली. १९६२ पासून अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने दिल्लीत कार्यालय थाटून भारतीय भाषांतली पुस्तकं विकत घ्यायला सुरुवात केली. हिंदी, बंगाली, तमिळ आणि मराठीसुद्धा. कादंबऱ्या, चरित्रं, मासिकं, गावोगावच्या छोट्या छापखान्यांतून निघालेली पुस्तकं. एकेक प्रत अमेरिकेतल्या निवडक विद्यापीठांना जायची. शिकागोला तर दक्षिण आशियाचा ग्रंथसंग्रह सांभाळणाऱ्या मॉरीन पॅटरसन या स्वतःच महाराष्ट्राच्या इतिहासाच्या अभ्यासक होत्या. धान्य इकडे आलं आणि पुस्तकं तिकडे गेली, त्याच कायद्याच्या त्याच नंबराखाली.

याचा पडताळा मला अचानक आला. आमच्या तालुक्यातल्या यात्रांवर एका शाळामास्तरांनी साठच्या दशकात स्वतःच्या खर्चाने एक पातळ पुस्तक काढलं होतं. कित्येक वर्षं शोधत होतो. एका वाचनालयाच्या नोंदवहीत नाव आणि क्रमांक सापडला, कपाटात पुस्तक नव्हतं. "रद्दीत गेलं असेल हो," तिथले गृहस्थ सहज म्हणाले. मास्तरांच्या घरीही प्रत नाही. मग एका रात्री इंटरनेटवर ग्रंथसूच्या चाळताना ते दिसलं. अमेरिकेतल्या एका विद्यापीठात सुखरूप. तिथे शिकणाऱ्या एका मित्राच्या पुतणीने पानांचे फोटो काढून पाठवले. कागद पिवळा पडलेला, पण एकही पान फाटलेलं नाही. पहिल्याच पानावर शिक्का होता, पी. एल. ४८०.

मास्तरांना त्या प्रतीचे एखाद-दोन रुपये मिळाले असतील. ते रुपये रेशनच्या दुकानांतून साचलेले. त्यात आजीचे काही असतील का, हा प्रश्न बावळटपणाचा आहे, मला कळतं. तरी मनातून जात नाही. पुस्तकात आजीच्या माहेरच्या यात्रेवर दीड पान आहे. बारागाड्या कोण ओढायचं, भगताचा मान कुणाच्या घरी, सगळं नावानिशी. आज गावात ते सांगणारं कुणी उरलेलं नाही. आणि आपल्या वाचनालयांनी ते रद्दीत का घातलं, याचं उत्तर अमेरिकेकडे मागता येत नाही.

१ जुलै २०२५ ला यूएसएडचं स्वतंत्र कामकाज बंद झालं. त्या दिवशी बातमी वाचताना मी मामाला फोन केला. त्याला आधी कळेचना कशाबद्दल बोलतोय. मग म्हणाला, "म्हणजे ते डब्यावरचे हात का?"

असो. डबा मी जळगावला घेऊन आलो आहे. मामी भंगारात द्यायला निघाली होती. मास्तरांच्या पुस्तकाची छापलेली पानं त्यातच ठेवली आहेत. आजी असती तर एवढ्या चांगल्या डब्यात कागद भरून ठेवतो म्हणून नक्की रागावली असती.