फोर्डच्या फाटकाशी, १९१४

१२ जानेवारी १९१४, सोमवार. डेट्रॉइटला लागून असलेल्या हायलँड पार्कमध्ये, फोर्डच्या कारखान्याबाहेर तुम्ही अंधार असल्यापासून ताटकळताय. गर्दी हजारोंची आहे. मागचा रेटा आला की पाय जमिनीवर ठरत नाहीत, आणि थंडी अशी की मिशांवर बर्फाचे कण धरलेत. आठवड्यापूर्वी, ५ तारखेला, हेन्री फोर्डनं जाहीर केलं: आठ तासांच्या पाळीला पाच डॉलर. तोवर नऊ तासांना २ डॉलर ३४ सेंट मिळत. इंग्रजीचा गंध नसलेल्यांच्या वस्त्यांतही ही बातमी वाऱ्यासारखी पसरली.

तुम्ही गॅलिशियातल्या एका खेड्यातले. बोली पोलिश, कागदोपत्री ऑस्ट्रियाच्या सम्राटाची प्रजा, कारण पोलंड नावाचा देश सध्या नकाशावर नाही. वाटण्या होत होत शेत चिंध्यांएवढं उरलं, तेव्हा बोटीचं तिकीट काढलंत. आता शेजारच्या हॅमट्रॅमकमध्ये, आपल्याच लोकांच्या वस्तीत, एका खोलीत चौघं राहता.

भरती बंद आहे, असं आतून ओरडून सांगतात. गर्दी हलत नाही, उलट फाटकाकडे लोटते. मग आगीच्या बंबाचे पाइप सुरू होतात. पाणी तोंडावर येतं आणि क्षणात अंगरखा फळीसारखा ताठ होतो. लोक सैरावैरा पळतात, रागानं दगड भिरकावतात. तुम्ही पळता, पण आशा सोडत नाही. काही महिन्यांनी, फेऱ्या मारून मारून, तुमचा नंबर लागतो.

आत पाऊल टाकताच डोळे दिपतात. चार मजली काँक्रीटची इमारत, आणि भिंतींच्या जागी काचाच काचा. हिचा आराखडा काढणारा अल्बर्ट कान लहानपणी जर्मनीतून आलेला. उत्पादनाची घडी बसवणाऱ्यांतले सोरेन्सन आणि नुडसेन डेन्मार्कचे. खुद्द मालकाचे वडील १८४७ मध्ये, दुष्काळाच्या काळात, आयर्लंडमधून आले. इथल्या कामगारांपैकी दहांतले सात परदेशात जन्मलेले आहेत, आणि तुम्हा पोलिश लोकांचा गट त्यांत सर्वांत मोठा.

फोरमन तुम्हाला मॅग्नेटोच्या लाइनवर उभं करतो. मॅग्नेटो म्हणजे इंजिनला ठिणगी पुरवणारा भाग. समोर कमरेएवढ्या उंचीवर फ्लायव्हील, म्हणजे इंजिनची जड चाकं, सरकत येतात. प्रत्येकावर इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखी सोळा लोहचुंबकं बसवायची. पण ती सगळी तुम्ही बसवायची नाहीत. तुमच्याकडे दोन-तीन नट आहेत, तेवढेच. फोरमन तुमचा हात धरून एकदा दाखवतो, दुसऱ्यांदा मान हलवतो, तिसऱ्यांदा पुढं निघून जातो. एक शब्द बोलावा लागलेला नाही.

इथं जरा थांबून बघा. वर्षभरापूर्वीपर्यंत एकच कामगार आपल्या बाकावर अख्खा मॅग्नेटो जुळवायचा आणि त्याला वीस मिनिटं लागायची. १९१३ च्या वसंतात ते काम २९ जणांत वाटलं, तेव्हा वेळ १३ मिनिटांवर आली. मग लाइनची उंची वाढवली, काम पुढं ओढणारी साखळी लावली, आणि वेळ पाच मिनिटांवर उतरली. पलीकडे गाडीचा सांगाडाही आता साखळीनं ओढला जातो. आधी त्याच्या जुळणीला साडेबारा तास लागत, आता १ तास ३३ मिनिटं. १९०८ मध्ये ८५० डॉलरला निघालेली मॉडेल टी १९१६ पर्यंत ३६० डॉलरला मिळू लागेल, ती यामुळेच.

या युक्तीचं श्रेय इतिहास साखळीला देतो. पण ही साखळी बसवली ती तुमच्यासारख्यांच्या भरवशावर. कसबी कारागीर थोडे, महागडे आणि आपल्या मर्जीनं काम करणारे. याउलट कालच बोटीतून उतरलेला, धट्टाकट्टा, भाषा न येणारा शेतकरी हवा तेवढा मिळत होता. त्याला पहिल्याच दिवशी उपयोगी ठरवायचं तर कामाचे तुकडे करणं भाग होतं. फोर्डनं पुढं १९२२ मध्ये स्वतःच लिहिलं की कारखान्यातली ४३ टक्के कामं शिकायला एक दिवसापेक्षा जास्त लागत नाही.

दुपारपर्यंत खांदे भरून येतात. नाक पुसायला हात वर केला तर एक फ्लायव्हील निसटून पुढं जातं. हे सोसेना म्हणूनच माणसं टिकत नव्हती: १९१३ मध्ये सुमारे १४ हजारांचा ताफा राखायला कंपनीला ५२ हजारांवर माणसं नव्यानं घ्यावी लागली. पाच डॉलर हे त्यावरचं औषध.

त्या औषधाला पथ्यही आहे. पाचातले निम्म्याहून अधिक पैसे नफ्यातला वाटा म्हणून मिळतात, आणि ते लायक ठरलात तरच. एका संध्याकाळी कंपनीच्या समाजशास्त्रीय विभागाचा माणूस दुभाषा घेऊन दारात उभा राहतो. बँकेत किती साठवलंत? दारू पिता का? एका खोलीत इतकी माणसं का? तो बिछाने मोजतो, मोरी बघतो, वहीत लिहून घेतो. लाइनवर ऐकलेली गोष्ट तुम्हाला आठवते: १९१४ च्या जानेवारीत आठशेहून अधिक ग्रीक आणि रशियन कामगारांनी आपल्या जुन्या पंचांगाप्रमाणे नाताळची रजा घेतली, तर त्यांना कामावरून काढून टाकलं. तुम्ही मान खाली घालून उत्तरं देता.

पाळी संपली की इंग्रजीची शाळा, तीही कंपनीचीच. शिकवणारे कारखान्यातलेच लोक, फोरमनसुद्धा. १९१६ मध्ये शाळेचा पदवीदान सोहळा होतो. रंगमंचावर बोटीचा देखावा आणि तिच्यासमोर भलंमोठं कढईसारखं पात्र. तुम्ही गावाकडचे कपडे घालून, गाठोडं पाठीवर टाकून शिडीवरून उतरता आणि त्या पात्रात शिरता. मास्तर लांब डावांनी ढवळण्याचं नाटक करतात. दुसऱ्या बाजूनं तुम्ही कोट-टाय घालून, हातात छोटा अमेरिकन झेंडा घेऊन बाहेर येता. टाळ्यांचा कडकडाट होतो. तुम्हाला अभिमान वाटतो, आणि तो खराच आहे: पत्र लिहिता येतं, खात्यात पैसे आहेत, मुलगा शाळेत जातो. पण एकाच साच्याच्या गाड्या काढणाऱ्या कारखान्याला माणसंही एकाच साच्याची हवी आहेत, हेही तितकंच खरं.

पुढची वर्षं भराभर सरतात. १९१८ मध्ये पोलंड नकाशावर परत येतो. १९२४ मध्ये अमेरिका दार लोटून घेते: नव्या कायद्यानं पोलंडच्या वाट्याला वर्षाला सहा हजारांहूनही कमी जागा येतात. आशियातल्या लोकांना तर जवळपास मज्जावच. ज्या हातांवर देश उभा राहिला, तेच हात आता ओझं ठरवले जातात.

तुम्ही मात्र आत आहात, आणि तुमची मुलंही. १९४१ च्या एप्रिलमध्ये रूज इथल्या फोर्डच्या प्रचंड कारखान्यात संप होतो आणि जूनमध्ये कंपनीला कामगार संघटनेशी करार करावा लागतो. कामाच्या अटींवर खालच्या माणसालाही बोलता येतं, हे तिथं मान्य झालं. शोध लावणाऱ्यांची नावं इतिहासात आहेतच. तो शोध माणसाला पेलेल असा करण्याचं काम फाटकाबाहेर भिजलेल्यांनी आणि त्यांच्या मुलांनी केलं, आणि अमेरिकेच्या औद्योगिक यशात ते काम यंत्रांच्या बरोबरीनं मोजलं पाहिजे.